कोल्हापुरात फुकटचा टीव्ही रेकॉर्ड करायचा तर डीडी फ्री डिशची छत्रीच घ्या

शिवाजी पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. संध्याकाळी सहा ते नऊ गिऱ्हाईक हलत नाही आणि सह्याद्रीच्या सातच्या बातम्या नेमक्या त्याच वेळात. आमचे आबा 84 वर्षांचे. त्यांना बातम्या माझ्याबरोबर बसून, मध्ये मध्ये बोलत बघायच्या असतात. केबल बंद केली तेव्हा मी दोनच गोष्टी ठरवल्या होत्या. महिन्याला पैसे भरायचे नाहीत आणि सातच्या बातम्या रात्री साडेनऊला जेवताना लावता आल्या पाहिजेत. या खटपटीत माझे दोनदा पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली चूक अँटेनाची. माझा पुतण्या इंग्लंडात लेस्टरला असतो. तिकडे 2002 पासून फ्रीव्ह्यू आहे, घराच्या छपरावरच्या साध्या अँटेनावर फुकट डिजिटल चॅनेलं येतात. 2008 पासून छत्रीवर, म्हणजे डिशवर, उपग्रहावरून चालणारं फ्रीसॅटही आहे. त्याच्या रेकॉर्डरमध्ये दोन ट्यूनर (चॅनेल पकडणारे भाग), त्यामुळे एक चॅनेल बघत दुसरं रेकॉर्ड करता येतं. फोनवर म्हणाला, "काका, अँटेनाच घ्या, पावसात चित्र जात नाही." मला पटलं. ऑनलाइन 900 रुपयांचा चपटा 'डिजिटल अँटेना' मागवला. आधी खिडकीत लावला, मग गच्चीवर, मग पाण्याच्या टाकीवर चढून. प्रत्येक वेळी टीव्हीवर शोध शंभर टक्क्यांपर्यंत जायचा आणि खाली चॅनेल शून्य.

वस्तू खराब नव्हती, हवेत पकडायला काही नव्हतं. दूरदर्शनने 2016 मध्ये अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण 16 शहरांत सुरू केलं, त्यात आपल्या राज्यातली मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होती. कोल्हापूर नव्हतं. जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपणही नंतर टप्प्याटप्प्याने बंद झालं. पुतण्याचा सल्ला लेस्टरसाठी बरोबर होता. तुम्ही मुंबईत राहत असाल आणि दूरदर्शनची मोजकी चॅनेलं पुरत असतील, तर अँटेनाचा विचार जरूर करा, मात्र टीव्हीत किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये डीव्हीबी-टी2 ट्यूनर, म्हणजे हे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर, हवा.

लहानपणी आमच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता. आबांनी गिरणीची मोटर सुरू केली की पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायच्या आणि शेजारच्या वैनी भिंतीवर हात आपटायच्या. छत्री लावल्यावर सगळ्यात आधी मी मोटर चालू करून बघितली. चित्र जरासुद्धा हललं नाही.

छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. एकदा सामान घेतलं की महिन्याचं भाडं नाही. आता ती जीसॅट-15 या उपग्रहावरून येते. तो 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे कोल्हापुरातून आग्नेयेला आणि क्षितिजापासून साधारण 60 अंश वर. इतक्या उंचावर असल्यामुळे शेजारची दोन मजली इमारत आम्हाला आड आली नाही, पण नारळाची एक झावळी आली. बसवायला आलेला पोरगा म्हणाला, "मामा, झावळी तोडा न्हाईतर छत्री हलवा." छत्री चार हात सरकवली. त्याने एलएनबी (छत्रीच्या पुढ्यात दांडीवर असते ती सिग्नल पकडणारी डबी) पकडीत बरीच तिरकी फिरवली तेव्हा मला वाटलं चुकतोय. पण बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या स्ट्रेंग्थची पट्टी आधीपासूनच भरलेली होती, एलएनबी तिरकी झाल्यावर क्वालिटीची पट्टी एकदम वर गेली. बघायची ती क्वालिटीच. स्ट्रेंग्थवर समाधान मानून कुणी निघायला लागला तर त्याला थांबवा.

दुसरी चूक बॉक्सची. एका दुकानात मी स्पष्ट विचारलं, "पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड होतं का?" दुकानदाराने यूएसबीचं भोक दाखवलं आणि हो म्हणाला. घरी आल्यावर कळलं की त्यातून फक्त गाणी आणि सिनेमे लागतात, रेकॉर्ड होत नाही. त्याने बॉक्स परत घेतला नाही. आबांना मी आधीच सांगून बसलो होतो, "आज रात्री बघू." त्या रात्री त्यांनी दोनदा विचारलं, ते मला फार लागलं. म्हणून सांगतो, काउंटरवर स्वतःचा पेन ड्राइव्ह लावा, एक मिनिट रेकॉर्ड करा, ते परत चालवून बघा आणि मगच पैसे द्या. बॉक्स एमपीईजी-4 चा (ही चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या. जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर सगळी चॅनेलं लागत नाहीत.

दुसरा बॉक्स लक्ष्मीपुरीतून असाच तपासून आणला. छत्री, एलएनबी, वायर आणि बसवणावळ धरून 2,300 रुपये झाले. सह्याद्रीचा एक तास माझ्या पेन ड्राइव्हवर दीड जीबीच्या आसपास जागा खातो. ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला 4 जीबीची मर्यादा असते, म्हणून लांबलचक सामना दोन-तीन तुकड्यांत सापडतो. टायमर रोजचा लावता येतो. लाइट गेली तर तेवढं रेकॉर्डिंग बुडतं, म्हणून बॉक्स आता छोट्या यूपीएसवर ठेवलाय.

क्रिकेटवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण दूरदर्शनला द्यावं लागतं, असा 2007 चा कायदा आहे. ते चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबलवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. म्हणजे अशा सामन्यांसाठी छत्री केबलपेक्षा सरस आहे.

पावसाचं मात्र पुतण्याने खरं सांगितलं होतं. जुलैत रंकाळ्याकडून काळं आभाळ चालून आलं की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग पडदा निळा. एकदा बातम्यांची मधली आठ मिनिटं गेली आणि पंचगंगेची पातळी नेमकी त्यातच होती. रिपरिप पावसात काही होत नाही. कनेक्टरला रबरी टेप घट्ट गुंडाळा, पाणी वायरीत शिरलं तर ऊन पडल्यावरही चित्र नीट येत नाही.

एक अडचण अजून आहे. बॉक्सला ट्यूनर एकच, त्यामुळे सात वाजता रेकॉर्डिंग लागलं की आबांना हवं ते दुसरं चॅनेल बघता येत नाही. दोन ट्यूनरचा फ्री डिश बॉक्स कोल्हापुरात कुणी प्रत्यक्ष वापरत असेल तर दुकान कुठलं ते कळवा, मी उद्याच जाऊन आणतो.