फॉलफिरिनॉक्स की जेमसायटाबिनची जोडी: पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात पहिली केमो कोणती?

स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात किंवा पोटाच्या आतल्या आवरणात पसरल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले की शस्त्रक्रियेचा विषय बहुधा मागे पडतो आणि डॉक्टर घरच्यांसमोर दोन नावे ठेवतात: फॉलफिरिनॉक्स ही चार औषधांची केमो, किंवा जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल यांची जोडी. आजार आटोक्यात ठेवणे, दुखणे कमी करणे आणि आयुष्य वाढवणे हाच दोन्हींचा हेतू असतो. या टप्प्यावर आजार मुळापासून जावा, अशी अपेक्षा दोहोंकडूनही धरता येत नाही, आणि हे आधीच नीट बोलले गेलेले बरे.

निवड करताना बहुतेक जण आकड्यांपासून सुरुवात करतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत 342 रुग्ण होते. फॉलफिरिनॉक्स घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण 11.1 महिन्यांहून अधिक जगले, तर नुसते जेमसायटाबिन घेतलेल्यांत हा आकडा 6.8 महिने होता. 2013 च्या 861 रुग्णांच्या चाचणीत जेमसायटाबिन-नॅब-पॅक्लिटॅक्सेल जोडीचा आकडा 8.5 महिने आणि नुसत्या जेमसायटाबिनचा 6.7 महिने आला. अकरातून साडेआठ वजा करून मोकळे व्हावेसे वाटते, पण ही वजाबाकी चुकीची आहे, कारण दोन्ही चाचण्यांतले रुग्ण सारखे नव्हते. फ्रान्सच्या चाचणीत 75 वर्षांपर्यंतचे, हिंडतेफिरते आणि बिलिरुबिन (रक्तातला कावीळ दाखवणारा घटक) जवळजवळ सामान्य असलेलेच रुग्ण घेतले होते, तर दुसरीत वयाची वरची मर्यादा नव्हती आणि थोडे अधिक अशक्त रुग्णही होते. पुढे जपानमध्ये दोन्हींची समोरासमोर तुलना झाली तेव्हा मात्रा कमी केलेले फॉलफिरिनॉक्स जोडीपेक्षा सरस ठरले नाही. म्हणून माझ्या मते आकड्यांपेक्षा रुग्णाची आजची अवस्था अधिक निर्णायक ठरते.

फॉलफिरिनॉक्समध्ये ऑक्झालिप्लॅटिन, इरिनोटेकन, ल्युकोव्होरिन आणि फाइव्ह-एफयू अशी चार औषधे असतात आणि ती दर दोन आठवड्यांनी दिली जातात. छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडण्याची छोटी डबी, बसवावा लागतो. डे-केअरमधली सलाईन संपल्यावर फाइव्ह-एफयूचा छोटा पंप कमरेच्या पिशवीत ठेवून रुग्ण घरी जातो आणि साधारण 46 तासांनी तो काढायला परत येतो. ऑक्झालिप्लॅटिननंतरचे काही दिवस फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी बोटांना मुंग्या येऊन चटके बसल्यासारखे होते आणि गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा वाटतो. तेव्हा पाणी कोमटच द्यावे आणि फ्रिज दुसऱ्या कोणी उघडावा. इरिनोटेकनमुळे होणारे जुलाब अंगावर काढू नयेत. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना ताप आला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालय गाठावे लागते.

जोडीचे वेळापत्रक वेगळे असते. चार आठवड्यांच्या फेरीत पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी सलाईन लागते, दोन्ही औषधे प्रत्येकी अर्ध्या तासात संपतात आणि घरी पंप न्यावा लागत नाही. केस मात्र बहुतेकांचे जातात, आणि काही महिन्यांनी हातापायांची बोटे बधिर होऊन सदऱ्याची बटणे लावणेही अवघड होऊ शकते. शहराबाहेरून येणाऱ्या कुटुंबाने महिन्यातून तीन वेळा एका दिवसाची फेरी परवडते, की दोन वेळा येऊन पंप निघेपर्यंत शहरात मुक्काम करणे सोयीचे पडते, याचा हिशेब आधीच करावा. नॅब-पॅक्लिटॅक्सेलचे जेनेरिक भारतात मिळते, तरी केमोच्या एका फेरीचा खर्च आणि सरकारी योजनेत कोणती औषधे बसतात, हे दोन्ही पर्यायांसाठी आधीच विचारून घ्यावे.

‘जड केमो घेऊन उरलेले दिवस का खराब करायचे’ असे नातेवाईक म्हणतात, आणि ही भीती अनाठायी नाही. तरीही फ्रान्सच्या त्याच चाचणीत सहा महिन्यांनी जीवनमान कायमचे खालावलेल्यांचे प्रमाण फॉलफिरिनॉक्स गटात 31 टक्के आणि नुसत्या जेमसायटाबिनच्या गटात 66 टक्के होते, कारण इथे औषधापेक्षा आजारच माणसाला अधिक झिजवतो.

कावीळ असेल तर निवडीचा प्रश्न थोडा लांबतो. स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीने पित्तनलिका दाबली गेली की आधी एंडोस्कोपीने स्टेंट (पित्ताची वाट उघडी ठेवणारी नळी) टाकून बिलिरुबिन खाली आणावे लागते, कारण इरिनोटेकन पित्तावाटे बाहेर पडते आणि वाट बंद असताना ते दिल्यास विषारी परिणाम वाढतात. दुसरी गोष्ट जनुकीय तपासणीची. बीआरसीए या, पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकात जन्मजात दोष आढळला तर पारडे ऑक्झालिप्लॅटिनसारखे प्लॅटिनमयुक्त औषध असलेल्या उपचाराकडे, म्हणजे बहुधा फॉलफिरिनॉक्सकडे झुकते, आणि आजार स्थिर राहिल्यास पुढे ओलापॅरिबच्या गोळ्यांचा पर्याय खुला होतो. हा अहवाल यायला वेळ लागतो, त्यामुळे नमुना पहिल्याच आठवड्यात द्यावा.

सत्तरीच्या आतला, स्वतःची कामे स्वतः करणारा, बिलिरुबिन उतरलेला आणि घरी चोवीस तास कोणी सोबत असलेला रुग्ण असेल, तर मी फॉलफिरिनॉक्सबद्दल आधी विचारेन. वय अधिक असेल, हृदयाचा आजार असेल किंवा वजन झपाट्याने उतरले असेल, तर जोडी, आणि दिवसाचा बराच वेळ अंथरुणात जात असेल तर नुसते जेमसायटाबिन किंवा केवळ वेदनाशामक उपचार, हेही तितकेच रास्त पर्याय आहेत. पहिली केमो निष्प्रभ ठरली आणि अंगात ताकद उरली असेल, तर दुसरी देता येते. मात्र ऑक्झालिप्लॅटिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल दोन्ही नसांना त्रास देतात, त्यामुळे पहिल्या उपचाराने आलेला बधिरपणा दुसऱ्यातही सोबत येतो.

पर्याय कोणताही घेतला तरी स्वादुपिंडाच्या पाचकरसाच्या कॅप्सूल जेवताना, पहिल्या घासाबरोबर सुरू करायच्या असतात, हे बऱ्याच घरांत कोणी सांगतच नाही. तेलकट, तरंगणारी शौचास होत असेल तर वजन घटण्याचे एक कारण तेच असू शकते. पहिला सीटी स्कॅन साधारण दोन महिन्यांनी होतो आणि गाठ वाढलेली दिसली तर उपचार बदलण्याचा विचार तेव्हा होतो.