मेसचं खरकटं: यंत्र, गांडूळ की ढीग?

कॉलेजच्या मेसमधल्या खरकट्याचं खत करायचं ठरलं की पहिली बैठक बहुधा यंत्राच्या माहितीपत्रकावरच होते. त्यातली ‘चोवीस तासांत खत’ ही ओळ आधी खोडा. यंत्र खरकटं तापवतं, ढवळतं, वाळवतं. वजन झपाट्यानं घटतं हे खरं, पण बाहेर पडतो तो भुगा म्हणजे वाळवलेलं अन्नच. ओंजळभर भुगा ओला करून झाकून ठेवा. थोड्याच दिवसांत त्यावर पांढरी बुरशी चढते आणि आंबूस वास सुटतो. तसाच रोपाच्या मुळाशी घातला तर रोप मान टाकतं. म्हणजे वीज जाळूनही पुढे काही आठवडे मुरवणं आलंच. ढीग घालायला जागाच नसेल तरच यंत्राकडे वळावं.

गांडूळखत दिसायला सगळ्यात देखणं: काळंभोर, रवाळ. गांडुळं मात्र नखरेल. मीठ, तेल, आंबट त्यांना सोसत नाही, आणि ताटातल्या उष्ट्यात नेमकं तेच असतं. वाफ्यातलं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की ती मरू लागतात. शिवाय सुट्टीत मेस बंद, म्हणजे त्यांची उपासमार. सत्र सुरू झालं की एकदम बादल्यांवर बादल्या. फक्त भाज्यांची सालं आणि देठं वेगळी मिळत असतील तर एखादा वाफा जरूर करा.

माझा कौल ढिगाला. कारण सरळ आहे: आवारात झाडं असतात आणि वाळका पाला फुकट पडतो. खरकट्यात नत्र जास्त, पाल्यात कर्ब जास्त. सुरुवातीला त्यांचं प्रमाण साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असं जमायला हवं. एवढं गणित कोण करतंय? एक बादली खरकट्यावर तीन बादल्या पाला, की झालं. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर आत ऊब धरत नाही. जमला तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. सकाळी फावडं घातलं की वाफ निघते.

मूठभर माल पिळून बघा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला घाला. अमोनियाचा झोंबरा वास आला तरी औषध तेच. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही, ढीग उलथा.

खरी अडचण उलथण्याचीच. आठवड्यातून एकदा फावडं मारायला हक्काचा, पगारी माणूस लागतो. स्वयंसेवक विद्यार्थी परीक्षेपर्यंत पुरतात, हा स्वानुभव. आणि तीन-चार महिने धीर धरावा लागतो.

काहीही विकत घेण्याआधी पंधरा दिवस मेसच्या बादल्या तोला, आणि ताटं ठेवतात तिथेच ओलं-सुकं वेगळं करायची सोय करा. आमच्या पहिल्या खताच्या चाळणीत स्टीलचे नऊ चमचे निघाले.