जहाजावर चढण्याआधीचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग: नऊ महिन्यांनंतर लिहितोय

पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून गेल्या महिन्यात जहाजावरून उतरलो. बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, ओएस होतो, म्हणजे डेकवरचा सगळ्यात नवा खलाशी. ट्रेनिंगबद्दल लिहायचं मुद्दाम थांबलो होतो. वर्गात आवडलेलं किती कामाला येतं ते आधी बघायचं होतं.

व्यापारी जहाजावर कामाला लागायचं तर एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हे ट्रेनिंग लागतंच. चार भाग असतात: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, आणि स्वतःची सुरक्षा व सोबतच्यांशी वागणूक. सर्टिफिकेट सगळीकडे सारखंच मिळतं, शिकवणं मात्र जागेवर अवलंबून. मी जिथे केलं तिथलं पाण्यातलं शिक्षण उत्तम होतं, आणि एका बाबतीत मात्र माझी मोठी तक्रार आहे.

आधी पाणी. शिकवणारे सर वीसेक वर्षं बोटीवर काढलेले. त्यांनी लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगणारा तराफा, मुद्दाम उलटा टाकला आणि एकेकाला म्हणाले, सरळ कर. गॅस सिलेंडर ज्या बाजूला आहे ती बाजू वारा जातो त्या दिशेला फिरवायची, तळावर चढून तिथे उभं राहायचं, पट्टा धरून पाठीवर झोकून द्यायचं. राफ्ट उलटतो आणि सरळ तुमच्या अंगावर येतो. डोक्यावर काळोख, तोंडात पाणी. पहिल्यांदा मी घाबरून हातपाय झाडले. सरांनी बाहेर ओढलं, ओरडले नाहीत, म्हणाले, "तळ मऊ असतो, हाताने वर ढकल, श्वासापुरती जागा होते. मग पाठीवर सरकत बाहेर ये." तिसऱ्या खेपेला जमलं. ते माझं मला जमेपर्यंत त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

इमर्शन सूट, म्हणजे थंड पाण्यात जीव वाचवणारा अंगभर सूट, दोन मिनिटांत, कुणाच्या मदतीशिवाय अंगावर चढायला हवा. मला पहिल्यांदा साडेतीन मिनिटं लागली. बूट अडकतो म्हणून पायावर प्लास्टिकची पिशवी चढवायची, डावा हात आधी घालायचा, मोकळ्या उजव्या हाताने हूड ओढून घ्यायचं आणि मगच उजवा हात. एकदा दोन्ही हात त्या जाड पंजांत गेले की हूड काही केल्या नीट बसत नाही. जहाजावर दुसऱ्याच आठवड्यात रात्री ड्रिलसाठी सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, तेव्हा झोपेतून उठून हे सगळं हात आपोआप करत होते.

आगीचा भागही चांगला. हवेच्या सिलेंडरचा श्वासाचा सेट पाठीवर, धुराने भरलेला कंटेनर, भिंतीला हाताची मागची बाजू लावून पाय घासत पुढे सरकायचं. तळवा का नाही? उघडी वायर लागली तर बोटं आखडून तिलाच पकडून बसतात. हवा कमी झाल्याची शिट्टी वाजली की काम टाकून बाहेर, हे सरांनी इतक्यांदा म्हणून घेतलं की अजून कानात आहे. प्रथमोपचार ठीकठाक, छातीवर ३० दाब आणि २ श्वास, पुतळे जुने पण चालू होते.

आता तक्रार. टाकीसारख्या, हवा खेळत नसलेल्या बंदिस्त जागेत शिरण्याचा विषय त्यांनी ४० मिनिटांत, पडद्यावरची चित्रं दाखवून उरकला. गॅस मीटर कपाटातून बाहेरही काढला नाही. जहाजावर मला चेन लॉकर, म्हणजे नांगराची साखळी ठेवायची खोल कोठी, साफ करायला सांगितलं तेव्हा मी टॉर्च घेऊन सरळ शिडीकडे निघालो होतो. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, कॉलर धरून मागे खेचलं. मीटर दोरीने खाली सोडला. तोंडाशी २०.९ टक्के ऑक्सिजन, आणि तळाशी जाईपर्यंत आकडा १६ वर येऊन मीटर किंचाळायला लागला. साखळीवरचा गंज बंद जागेतली हवा खातो. वास नाही, धूर नाही, काही कळत नाही. आत पडलेल्याला काढायला जो धावतो तोही तिथेच पडतो, जहाजांवर असे कितीतरी जीव गेलेत. हे मला वर्गात, मीटर हातात घेऊन शिकायला हवं होतं. मी ट्रेनिंगच्या ठिकाणी पत्र लिहून कळवलंय.

शेवटच्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नव्या मुलांचं नुकसान इथेच होतं. मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं: एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीमन बुक (खलाशाचं सरकारी ओळख-नोंद पुस्तक) आणि वैद्यकीय सर्टिफिकेट, एवढाच खर्च त्याच्यावर येऊ शकतो. आमच्या बॅचमधले दोघं एका एजंटला पैसे द्यायच्या बेतात होते, ते त्या संध्याकाळी थांबले. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, हेही त्यांनी फॉर्म भरायला लावून शिकवलं.

फी भरण्याआधी जागा बघून या. राफ्ट प्रत्येकाकडून सरळ करून घेतात का, सूट किती आहेत, मीटर हातात देतात का, हे तिथून नुकतंच शिकून निघालेल्या मुलांना विचारा.

दोन जोडी कपडे आणि मोठा टॉवेल न्या. आगीच्या दिवशी दाढी घोटून जा, नाहीतर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने धूर आत येतो. आमच्यातल्या एकाला त्यासाठी परत पाठवलं होतं, आणि बरोबरच केलं.