आंबवलेली रेशी पावडर, सात महिने: आयोडीनचे दोन थेंब टाकले तेव्हा

जुलैत सातवा डबा उघडला तर आत ढेप. चमचा रुतेना. रेशी ही औषधी म्हणून विकली जाणारी अळंबी. तिची ही पावडर जानेवारीपासून रोज एक ग्रॅम कोमट पाण्यातून घेतेय, कारण बोटांना आमवात आहे आणि सकाळी मूठ वळत नाही. डबा बदलून मागितला तर कंपनीचं उत्तर आलं, "दमट हवेमुळे होतं, बदलता येणार नाही." सीलबंद डब्यात पुण्याची दमट हवा शिरली कुठून?

मग मुलीने सुचवलेलं करून पाहिलं. चिमूटभर पावडर पाण्यात उकळली, गार केली, टिंचर आयोडीनचे दोन थेंब टाकले. वाटी काळीनिळी! शेजारी ज्वारीच्या पिठाची वाटी, तिचाही रंग तोच. मैत्रिणीकडच्या वाळवलेल्या रेशीच्या छत्रीचा काढा मात्र पिवळसर तांबूसच राहिला. म्हणजे डब्यात स्टार्च आहे, आणि चांगला भरपूर. डब्यावर छापलंय 'पॉलिसॅकराइड ४०%'. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, मग स्टार्चही पॉलिसॅकराइडच की! ज्याच्यासाठी आपण अळंबी घेतो त्या बीटा-ग्लुकनचा आकडा कुठेच नाही. महिन्याला १,५०० रुपये मोजून मी दळलेलं धान्य खाल्लं का?

फसवणूक म्हणून लिहायलाच बसले होते, पण थोडं वाचल्यावर मत बदललं. ही पावडर तांदळावर किंवा ओटवर रेशीच्या बुरशीचे तंतू वाढवून करतात. तंतू धान्यात इतके गुंततात की वेगळे काढता येत नाहीत, म्हणून सगळंच वाळवून दळतात. स्टार्च उरणारच. टाकीतल्या पातळ द्रावणात वाढवलेले तंतू गाळून घेता येतात, त्यात धान्य येत नाही. दोन्हींना 'फर्मेंटेड'च म्हणतात. तेव्हा पद्धत खोटी नाही, लेबल अपुरं आहे. माझा राग आता तेवढ्यावरच आहे.

गुण आला का? मार्चमध्ये मी सगळ्यांना सांगत होते की मूठ वळतेय. पण फेब्रुवारीतच डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे आमवाताच्या माझ्या नेहमीच्या औषधाचा, डोस वाढवला होता, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? सीआरपी (रक्तातून दाह किती आहे ते दाखवणारा आकडा) जानेवारीत १४ होतं, जूनमध्ये ११. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर रेशीचा अर्क सूज वाढवणारे टीएनएफ-अल्फासारखे संदेश कमी करतो, हे खरं आहे. माणसांत मात्र हाँगकाँगला आमवाताच्या ६५ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली (२००७), रेशीसोबत दुसरं एक चिनी औषध देऊन. वेदना थोडी कमी वाटली, पण दाह कमी झाल्याचं ठोस काही दिसलं नाही. माझी गतही तशीच वाटते.

डॉक्टरांना मी चौथ्या महिन्यात सांगितलं, ते चुकलंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा, रक्तस्राव वाढू शकतो.

बीटा-ग्लुकनच्या रिपोर्टसाठी तीन मेल केले. तिसऱ्याला जड धातूंचा दाखला आला. तोही हवाच, पण मी मागितलेला आकडा त्यात नाही. आठवा डबा मागवलेला नाही.