पॅन्टोप्राझोल ४० : ४१ महिन्यांच्या वापरानंतर

जठरातील आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची ४० मिलिग्रॅमची गोळी मी ४१ महिने रोज घेतली आणि गेले पाच महिने ती पूर्ण बंद आहे. माझ्या नात्यात आणि शाळेतल्या सहकाऱ्यांत ही गोळी रोज घेणारी बरीच माणसे आहेत. ती कधी थांबवायची, हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गोळी सुरू झाली ती योग्य कारणासाठी. रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी यायचे, पहाटे खोकल्याने जाग यायची आणि पहिल्या तासाला वर्गात उभी राहीपर्यंत आवाज बसलेला असायचा. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सौम्य दाह दिसला. रोज सकाळी अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले होते. जठरातील आम्ल तयार करणारे पंप खाण्याच्या वेळी कामाला लागतात आणि गोळी चालू असलेल्या पंपांनाच बंद पाडते, त्यामुळे ही वेळ पाळावी लागते. दोन आठवड्यांत मी रात्रभर सलग झोपू लागले. त्या बाबतीत गोळीविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

आठ आठवडे संपल्यावर मी गोळी थांबवली आणि चौथ्याच दिवशी पूर्वीपेक्षा जास्त जळजळ सुरू झाली. आजार उलटला असे समजून मी मेडिकलमधून पुन्हा गोळ्या आणल्या. पुढे पुढे तर चिठ्ठीही कोणी मागितली नाही. आम्ल बराच काळ दाबून ठेवले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि गोळी बंद होताच काही आठवडे जठर गरजेपेक्षा जास्त आम्ल तयार करते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना याच वर्गातील औषध आठ आठवडे दिले होते; ते बंद केल्यावर त्यांच्यातील ४४ टक्के लोकांना पित्ताचा त्रास झाला, तर औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे मला जो आजार वाटला, तो निदान काही अंशी गोळी अचानक सोडल्याचा परिणाम असावा.

तिसऱ्या वर्षी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. दिवसभर उभे राहण्याचा तो परिणाम असावा असे समजून मी रात्री तेल चोळत राहिले. एका थंडीत पहाटे स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर अनवाणी उभी असताना लक्षात आले की फरशीचा गारवा घोट्यापाशी जाणवतो आहे, पण तळव्यांना नाही. त्या दिवशी मी खरोखर घाबरले. तपासणीत बी-१२ या जीवनसत्त्वाचे प्रमाण १४२ निघाले. प्रयोगशाळेची किमान मर्यादा २०० च्या आसपास होती. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे करायला जठरातील आम्ल लागते. मी पूर्ण शाकाहारी असल्याने ते मला फक्त दूध-दह्यातून मिळत होते आणि त्यातलेही गोळीमुळे कमी शोषले जात होते. सगळा दोष गोळीचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आणि मलाही ते पटते. परंतु शाकाहारी माणसाला ही गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर वर्षातून एकदा तरी बी-१२ तपासायला हवे होते. पोटऱ्यांत गोळे येत असल्याने मॅग्नेशियमही तपासले, ते ठीक निघाले. या गोळ्यांमुळे ते घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिलेला आहे.

हाडे, मूत्रपिंड आणि स्मृतिभ्रंश यांविषयी बरेच भीतिदायक वाचायला मिळते. हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या १७,५०० हून अधिक लोकांवर सुमारे तीन वर्षे झालेल्या चाचणीत पॅन्टोप्राझोलमुळे फक्त आतड्यांचे संसर्ग वाढलेले आढळले, त्यामुळे मी त्या भीतीला फारशी जागा देत नाही.

या वेळी गोळी सोडली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली: सहा आठवडे २० मिलिग्रॅम, मग महिनाभर एक दिवसाआड, आणि मधल्या जळजळीसाठी जेवणानंतर पातळ अँटासिड. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवल्या, रात्रीचे जेवण साडेसातला आणले आणि संध्याकाळचा दुसरा चहा सोडला. गोळी पूर्ण बंद केल्यानंतरचा तिसरा आठवडा सर्वांत कठीण गेला. दोनदा रात्री उठून बसावे लागले, पण गोळी घेतली नाही. ज्यांना अन्ननलिकेत खोल जखमा आहेत, बॅरेट्सचे (आम्लामुळे अन्ननलिकेचे अस्तर बदलण्याच्या विकाराचे) निदान झालेले आहे, किंवा ॲस्पिरिनसारख्या औषधांमुळे जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका आहे, त्यांनी माझे वाचून गोळी मुळीच बंद करू नये. त्यांना ती आवश्यक असते.

बी-१२ ची इंजेक्शने घेतल्यावर प्रमाण ४१० वर आले आहे. फरशीचा गारवा आता तळव्यांना पुन्हा जाणवतो, फक्त दोन्ही अंगठ्यांची टोके अजून बधिर आहेत आणि ती पूर्ववत होतील की नाही, हे डॉक्टर आताच सांगू शकत नाहीत.