कीक्लोकवर पासकी: पासवर्ड खरोखर निघतो का?

खराडी-बाणेरची मध्यम आकाराची कंपनी असो की भोसरी-चाकणचा कारखाना, बहुतेकांकडे आज पाच-दहा तरी वेब ॲप असतात. ईआरपी, हजेरी, खरेदीचं पोर्टल, गिटलॅब, हेल्पडेस्क. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं आणि पासवर्ड मात्र सगळीकडे तोच. ही सगळी ॲप एका दारातून आणायची आणि त्या दाराला पासवर्डच ठेवायचा नाही असं ठरवलं, की मुक्त स्रोतातलं पहिलं नाव पुढे येतं ते कीक्लोकचं, म्हणजे सगळ्या ॲपचं लॉगिन एकाच जागी हाताळणाऱ्या सर्व्हरचं. पासवर्डऐवजी त्यात वापरायची ती पासकी: फोन, लॅपटॉप किंवा यूएसबी किल्लीत साठवलेली डिजिटल किल्ली, जी बोट टेकवून किंवा पिन टाकून चालते. २०१४ पासूनचा हा प्रकल्प रेड हॅटमध्ये वाढला आणि एप्रिल २०२३ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेला. परवान्याला पैसा लागत नाही. वेबऑथन, म्हणजे पासकी ज्यावर चालते ते ब्राउझरचं मानक, त्यात बरीच वर्षं आहे, पण पासकीला पूर्ण पाठबळ मिळालं ते २६.४ आवृत्तीत. हे परीक्षण तिथपासून पुढच्या आवृत्त्यांचं आहे. त्याहून जुनी आवृत्ती चालत असेल तर आधी ती वर न्या, मग पुढचं वाचा.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पासकी चालू करायला कीक्लोक सोपं आहे. पासवर्ड बंद करायला मात्र ते बरंच काम करून घेतं, आणि खरी सुरक्षितता त्या दुसऱ्या कामात आहे.

चालू करणं म्हणजे ॲडमिनच्या पानांवर ऑथेंटिकेशनमध्ये जाऊन पॉलिसीजखालची वेबऑथन पासवर्डलेस पॉलिसी उघडायची आणि 'एनेबल पासकीज' हे बटण दाबायचं. त्यानंतर लॉगिनच्या पानावर युजरनेमच्या चौकटीत क्लिक केलं की ब्राउझर स्वतःच साठवलेली पासकी सुचवतो. बोट टेकवलं की माणूस आत. दाखवायला फार छान दिसतं. पण त्याच पानावर पासवर्डची चौकट तशीच असते. ज्याने कुणाचा पासवर्ड फसवून मिळवला आहे, त्याला तुमच्या पासकीशी काही देणंघेणं नाही. तो सरळ त्या चौकटीत पासवर्ड टाकणार.

म्हणून ब्राउझर फ्लोची, म्हणजे लॉगिनच्या टप्प्यांच्या ठरलेल्या क्रमाची, नक्कल करून नवा फ्लो बांधावा. त्यात कुकी (आधीच लॉगिन केलेल्याला ओळखणारा टप्पा) 'अल्टरनेटिव्ह' ठेवावी आणि शेजारी एक सबफ्लो करून त्यात वेबऑथन पासवर्डलेस ऑथेंटिकेटर 'रिक्वायर्ड' करावा. युजरनेम-पासवर्डचा फॉर्म फ्लोमधून काढूनच टाकावा. फ्लो बांधला आणि रेल्मला, म्हणजे कीक्लोकमधल्या युजर आणि ॲपच्या स्वतंत्र गटाला, जोडायचा राहिला, तर चाचणी करणाऱ्याला जुनंच पान दिसतं आणि दोष पासकीला लागतो. तेव्हा 'बाइंड फ्लो' विसरू नका.

एवढ्यावर काम संपलं असं वाटतं. संपत नाही, कारण पासवर्डला आत यायला आणखी वाटा आहेत. 'डायरेक्ट ॲक्सेस ग्रँट' चालू असलेला कुठलाही क्लायंट (कीक्लोकला जोडलेलं ॲप) ब्राउझरचं पान न उघडता, थेट टोकनच्या पत्त्यावर पासवर्ड पाठवून टोकन, म्हणजे प्रवेशाचा डिजिटल पास, घेऊ शकतो. तुमचा नवा फ्लो त्याच्या वाटेत येतच नाही. ॲडमिन-सीएलआय नावाचा क्लायंट प्रत्येक रेल्ममध्ये आपोआप तयार होतो आणि त्याला ही मुभा सुरुवातीपासूनच असते. सगळे क्लायंट एकेक करून तपासा, ही मुभा काढा आणि मग कर्ल या कमांड-लाइन साधनाने पासवर्ड पाठवून टोकन मागून बघा. क्लायंटला परवानगी नाही असा नकार आला तरच ही वाट बंद झाली म्हणायचं. 'फरगॉट पासवर्ड'ची सोय बंद करा. 'अपडेट पासवर्ड' ही रिक्वायर्ड ॲक्शनही बंद करा, नाहीतर अकाउंटच्या पानावरून लोक पुन्हा पासवर्ड तयार करतील. मुख्य ॲडमिन ज्यात असतो त्या मास्टर रेल्मचा फ्लो वेगळा असतो. कर्मचाऱ्यांना पासकी आणि सर्वात अधिकार असलेला ॲडमिन पासवर्डवर, अशी उलटी स्थिती त्यामुळेच तयार होते.

शेवटची वाट ॲपमध्येच असते. ओआयडीसी किंवा सॅमल (ॲपचं लॉगिन कीक्लोककडे सोपवायच्या दोन पद्धती) जोडल्यावरही कित्येक ॲप आपलं जुनं लॉगिनचं पान जिवंत ठेवतात. ॲपमध्ये ते बंद करायची सोय नसेल तर रिव्हर्स प्रॉक्सीवर, म्हणजे ॲपच्या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरवर, तो पत्ता अडवा. ज्या जुन्या पीएचपी ॲपला ओआयडीसी कळतच नाही, त्याच्यापुढे आधी कीक्लोकचं लॉगिन मागणारा ओऑथटू-प्रॉक्सी उभा करा आणि ॲपचा पोर्ट फक्त त्या प्रॉक्सीलाच दिसेल असं करा. हे न करता पुढे फक्त प्रॉक्सी ठेवली तर अंतर्गत नेटवर्कवरून कुणीही वळसा घालून आत जातो.

आता आरपी आयडी, म्हणजे पासकी ज्या डोमेनला बांधली जाते त्याचं नाव. सगळ्या मांडणीत हाच निर्णय सर्वात जपून घ्यायचा आहे. पासकी एका डोमेनला बांधलेली असते. खोट्या डोमेनवर ब्राउझर ती सुचवतच नाही, आणि पासकीचं बळ यातच आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की उद्या लॉगिनचं डोमेन बदललं तर नोंदवलेल्या सगळ्या पासकी एका रात्रीत निकामी होतात. कीक्लोकमध्ये आरपी आयडी रिकामा सोडला तर तो सर्व्हरच्या होस्टनेमवरून ठरतो. लॉगिनचा पत्ता पुढे बदलण्याची थोडीही शक्यता असेल तर सबडोमेनऐवजी कंपनीचं मूळ डोमेन तिथे स्वतःच्या हाताने लिहा. मात्र त्या डोमेनखालच्या सगळ्या सबडोमेनवर आपलाच ताबा हवा, कारण मग त्यातलं कुठलंही पान ती पासकी मागू शकतं. कारखान्यांत आणखी एक अडचण ठरलेली. आतली ॲप आणि लॉगिनही १९२.१६८ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यावर उघडायची सवय असते. आयपी पत्ता आरपी आयडी होऊ शकत नाही, त्यामुळे तिथे वेबऑथन चालणारच नाही. अंतर्गत डीएनएसमध्ये खरं नाव द्यावं लागतं आणि प्रमाणपत्रही ब्राउझरला मान्य असलेलं हवं. प्रमाणपत्राच्या लाल इशाऱ्यावर 'तरीही पुढे जा' करून पान उघडलं, तरी क्रोम तिथे पासकी वापरू देत नाही.

पॉलिसीत 'रिक्वायर डिस्कव्हरेबल क्रेडेन्शियल' (युजरनेम न टाकताही सापडणारी पासकी) होय आणि 'युजर व्हेरिफिकेशन' (पिन किंवा ठशाने ओळख) रिक्वायर्ड ठेवा. जुन्या रेल्ममध्ये ही दोन्ही सेटिंगं न ठरवता सोडलेली असू शकतात. युजर व्हेरिफिकेशन सक्तीचं नसेल तर सापडलेली किल्ली नुसता स्पर्श करून वापरता येण्याची शक्यता राहते.

कीक्लोकची आम्हाला खटकणारी मर्यादा अशी की ही पॉलिसी अख्ख्या रेल्मला एकच असते. हिशेब विभागाला फोनमधली पासकी चालेल, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना फक्त हार्डवेअर किल्ली, असं गटवार ठरवायला जागा नाही. एएजीयूआयडीची, म्हणजे किल्लीच्या मॉडेलच्या क्रमांकांची, यादी टाकून फक्त ठरावीक किल्ल्या स्वीकारता येतात, पण ती यादी सगळ्यांना लागू होते. आयक्लाउड किचेनसारख्या सिंक होणाऱ्या पासकी सहसा अटेस्टेशन, म्हणजे आपण कोणत्या मॉडेलच्या आहोत याचा पुरावा, देत नाहीत, म्हणून त्या लगेच नाकारल्या जातात. यावर चालणारा उपाय आहे. कीक्लोकमध्ये वेबऑथनच्या दोन पॉलिसी असतात: एक पासवर्डलेससाठी, दुसरी दुसऱ्या टप्प्यासाठी. पहिली सगळ्यांसाठी मोकळी ठेवा. दुसरीत किल्ल्यांची यादी घाला आणि फ्लोमध्ये 'कंडिशन - युजर रोल' लावून ती फक्त ॲडमिन रोलला सक्तीची करा. ॲडमिनला दोनदा स्पर्श करावा लागतो, पण हेतू साधतो.

उपकरणांचं बोलायचं तर विंडोज हॅलो असलेल्या लॅपटॉपवर काही अडत नाही. अडतं ते डेस्कटॉपवर फोनमधली पासकी वापरताना. स्क्रीनवरचा क्यूआर फोनने वाचला तरी दोन्ही उपकरणांवर ब्लूटूथ चालू असावं लागतं आणि दोघांनाही इंटरनेट लागतं. डेस्कटॉपला ब्लूटूथच नसेल, ते पॉलिसीने बंद असेल किंवा फायरवॉलने फोन आणि डेस्कटॉपला जोडणारे गूगल-ॲपलचे टनेल सर्व्हर अडवले असतील, तर क्यूआर वाचला जातो आणि पुढे काहीच घडत नाही. वर ब्राउझर देतो तो 'नॉटअलाउडएरर', जो माणसाने रद्द केलं तरी तोच आणि वेळ संपली तरी तोच. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, साइटला जास्त माहिती कळू नये म्हणून. पण हेल्पडेस्कवर बसलेल्याला त्यातून काही बोध होत नाही. तेव्हा तक्रार आली की आधी ब्लूटूथ बघायचं, हे त्यांना सांगून ठेवा.

शॉप फ्लोअरवर फोन आत न्यायला बंदी असते आणि एकाच पीसीवर तिन्ही पाळ्यांची माणसं बसतात. तिथे युबिकीसारखी यूएसबी किल्लीच हवी. एका किल्लीची किंमत चार आकडी आहे आणि माणशी दोन लागतात, तेव्हा बजेट तसं मांडा. पीसीला टाइप-ए आहे की टाइप-सी, हे ऑर्डर देण्याआधी जाऊन पाहा. किल्लीवरच्या सोनेरी चकतीला बोट लावायचं असतं म्हणून तिला ठसा हवा असा पुष्कळांचा समज होतो, आणि हातावरच्या रेषा झिजलेले कामगार 'आपलं काही चालणार नाही' म्हणून मागे राहतात. साध्या युबिकीत ती चकती फक्त माणूस समोर आहे एवढंच पाहते. ओळख पटते ती पिनने. पिन चुकला तर सलग तीन चुकांनंतर किल्ली काढून पुन्हा लावावी लागते. एकूण आठ चुका सलग झाल्या की फिडोचा, म्हणजे पासकीचा, भाग बंद पडतो आणि रीसेट केल्याशिवाय उघडत नाही. रीसेट म्हणजे त्यावरच्या सगळ्या पासकी गेल्या. ५.७ फर्मवेअरच्या युबिकी ५ मध्ये १०० पासकी मावतात, त्याआधीच्यांत २५. फर्मवेअर नंतर बदलता येत नाही, म्हणून खरेदी करतानाच आवृत्ती विचारा. आणि बोटाचा ठसा कंपनीकडे जातो ही भीती लोकांच्या मनात असतेच. फोन किंवा लॅपटॉपमधला ठसा त्या उपकरणाबाहेर पडत नाही, सर्व्हरवर जाते ती फक्त पासकीची सार्वजनिक किल्ली, म्हणजे पडताळणीपुरता कोड. हे नोंदणीच्या टेबलावर मराठीत लिहून लावा. लॉगिनच्या पानावरचा मजकूरही थीममधून मराठी करता येतो. ब्राउझरची स्वतःची खिडकी मात्र उपकरणाच्या भाषेतच दिसणार.

किल्ली हरवली तर काय, या प्रश्नावर कीक्लोक कमी पडतं. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या लॉगिन सेवेत 'टेम्पररी ॲक्सेस पास' असतो, ठरावीक वेळेपुरता चालणारा. तशी सरळ सोय इथे नाही. पर्याय म्हणजे ॲडमिनने जुनी पासकी काढायची आणि 'वेबऑथन रजिस्टर पासवर्डलेस'ची लिंक ईमेलने पाठवायची. ती लिंक मूळ सेटिंगमध्ये १२ तास चालते. एक तासावर आणा. ईमेल स्वतः नुसत्या पासवर्डवर उघडत असेल तर ही साखळी तिथेच तुटते. आमची शिफारस अशी की ओळखपत्र घेऊन माणसाला समोर बसवा आणि लिंक त्याच जागी उघडून नोंदणी पुरी करा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या दोन पासकी नोंदवून घेतल्या तर ही वेळ क्वचित येते. पासकीच्या नोंदी कीक्लोकच्या डेटाबेसमध्ये राहतात, युजर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (विंडोज नेटवर्कच्या युजरयादीतून) येत असले तरीही. म्हणजे पोस्टग्रेस हा डेटाबेस बॅकअपशिवाय गेला की सगळ्यांची नोंदणी नव्याने.

लॉगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कीक्लोक मात्र सुरुवातीला इव्हेंट साठवतच नाही, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये यशस्वी लॉगिन डीबग पातळीवर जातात, म्हणजे नेहमीच्या मांडणीत दिसत नाहीत. युजर आणि ॲडमिन दोन्ही इव्हेंट साठवणं चालू करा, यशस्वी लॉगिनची पातळी इन्फोवर आणा आणि ते सिसलॉगने (लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची पद्धत) बाहेर काढा.

कुणी घ्यावं? घरात लिनक्स आणि पोस्टग्रेस सांभाळणारी दोन तरी माणसं असतील, ॲप स्वतःच्या सर्व्हरवर असतील आणि वापरणारे वाढतील तसा परवान्याचा खर्च वाढायला नको असेल, तर कीक्लोक नक्की घ्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच सगळीकडे असेल आणि गटवार नियम हवे असतील तर एन्ट्रा बरं. एकट्या सिस्टिम ॲडमिनच्या भरवशावर कीक्लोक उभं करू नये, कारण सामुदायिक आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या फक्त सर्वात नव्या आवृत्तीला मिळतात आणि वर्षातून अनेकदा अपग्रेड करावंच लागतं. ज्यांना तो वेग झेपणार नाही त्यांच्यासाठी रेड हॅटची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती आहे. अपग्रेडआधी डेटाबेसची प्रत घ्या आणि चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या किल्लीने लॉगिन करून पाहा. भोसरी-पिंपरीच्या ज्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यांनी हे काम गुरुवारीच काढावं.