रत्नागिरीतलं करिअर काउन्सेलिंग सेंटर: 3 स्टार, त्यातले अडीच एकट्या मॅडमचे

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पैशाचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि उगाच कुणाला वाटायला नको की राग काढतेय. रत्नागिरी शहरात आहे एवढं बस. पण आता दहावीचे निकाल लागलेत, सगळेच असल्या ठिकाणी धावणार, म्हणून आमचं काय झालं ते सांगते.

भाऊ यंदा दहावी पास. मराठी मीडियम, 81 टक्के. आता कोकण बोर्डात 81 म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, 2025 ला आपल्या बोर्डाचा दहावीचा निकाल 98.82 टक्के होता, त्यामुळे पास झाला म्हणून पेढे वाटायचे दिवस गेले, पेढा तोंडात असतानाच शेजारचे काका विचारतात "मग पुढे काय?" आणि आमच्या पोराचं उत्तर गेले सहा महिने एकच, "बघू". सायन्स घेतोस? बघू. कॉमर्स? बघू. आईला वाटतं फार्मसी, पप्पांना वाटतं मर्चंट नेव्हीत जावं कारण वाडीतला एक जण जहाजावर आहे आणि त्याने दोन मजली घर बांधलं. आजी म्हणते कलमं कोण बघणार मग. असा सगळा प्रकार.

म्हणून मीच फोन करून अपॉइंटमेंट घेतली. पॅकेज 3500, त्यात कॉम्प्युटरवरची टेस्ट आणि काउन्सेलिंग. पावस गावाच्या पुढून एसटीने मी, पप्पा आणि भाऊ असे तिघं गेलो. दहाची वेळ दिली होती, पावणेबाराला आत घेतलं, बाहेर पंखा होता पण फिरत नव्हता.

आधी काउंटरवरचा मुलगा. त्याने पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की सर, नुसती टेस्ट अर्धवट होते, बोटांचे ठसे पण घ्या, मुलाचा मेंदू जन्मतः कसा आहे ते कळतं, आज घेतलंत तर फक्त 2500 जास्त. मी नाही म्हणेपर्यंत पप्पांनी हो म्हटलं होतं. ह्याला डीएमआयटी म्हणतात. दहा बोटं स्कॅन करतात आणि चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट देतात. घरी येऊन शोधलं तर इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, म्हणजे मानसोपचार डॉक्टरांच्या संघटनेने, 2019 मध्येच सांगून ठेवलंय की ह्याला शास्त्रीय आधार नाही. आणि साधा विचार करा ना, बोटावरच्या रेषा पोर आईच्या पोटात असतानाच तयार होतात, त्याने अजून फिजिक्सचं पुस्तक पण बघितलेलं नसतं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "ठसे सातबाऱ्याच्या कागदावर घेतात ना? ह्याच्या नावावर काय केलंत?"

मग खरी टेस्ट. कॉम्प्युटरवर दीडशेच्या वर प्रश्न आणि सगळे इंग्लिशमध्ये. मराठी मीडियमचं पोर, रत्नागिरीत बसून टेस्ट घेताय, एक मराठी व्हर्जन ठेवायला काय होतं? शेवटी मीच शेजारी बसून सांगत गेले. एक प्रश्न होता की तुला म्युझियममध्ये गाइड म्हणून काम करायला आवडेल का. भाऊ माझ्याकडे बघून हळूच विचारतो, ताई, तिथे नक्की काय करतात? आता ह्याने "आवडणार नाही" वर क्लिक केलं तर ते त्याला आवडत नाही म्हणून की त्याने कधी बघितलंच नाही म्हणून? टेस्टला ते कळत नाही. माझ्या मते अशा टेस्टचा सगळा घोळ इथेच आहे, गावातल्या मुलाने चार-पाच कामं जवळून बघितलेली असतात, डॉक्टर, मास्तर, ड्रायव्हर, बँकवाला, आणि तुम्ही त्याला शंभर कामांबद्दल आवड विचारता.

मला माझी कल चाचणी आठवली. 2016 ला आमच्या दहावीच्या बॅचला शासनाने शाळेतच फुकट घेतली होती, कृषी, वाणिज्य, आरोग्य अशी सात क्षेत्रं होती. माझा कल आला होता गणवेशधारी सेवा. आज मी पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. असो.

रिपोर्ट आले तर त्यात गंमत. प्रश्नांच्या टेस्टमध्ये आर आणि आय वर आले. हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आवडीनिवडीचे सहा प्रकार केलेत त्यातले, आर म्हणजे हाताने काम करणारा, आय म्हणजे खोलात जाऊन शोधणारा. आणि ठशांचा रिपोर्ट म्हणतो हा जन्मजात लीडर, ह्याला मॅनेजमेंटला टाका. एकाच पोराचे एकाच दिवशी एकाच ऑफिसमधले दोन रिपोर्ट. पैसे मात्र दोन्हीचे.

इथपर्यंत मी एक स्टार द्यायच्या तयारीत होते. मग आतल्या काउन्सेलर मॅडम.

मॅडमनी ठशांची फाइल उघडली पण नाही, बाजूला ठेवली. दुसरा रिपोर्ट पाच मिनिटं चाळला आणि भावाला विचारलं, "तू सुट्टीत काय करतोस?" तो म्हणाला काही नाही. पप्पा म्हणाले, अहो, पंप खोलून बसतो, मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचा पण खोलला. "परत बसवला का?" "बसवला, पण दोन नट उरले." मॅडम हसल्या आणि कोरा कागद काढला.

पुढचा एक तास वसूल. त्या म्हणाल्या, तुला आवडतं काय ते आज नाही कळलं तरी चालेल, पण कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद होतं ते आज कळलं पाहिजे. गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, एनडीएतून नेव्ही आणि एअर फोर्स गेलं, आणि पप्पांच्या मर्चंट नेव्हीतली ऑफिसरकी पण, कारण त्यासाठीच्या डीएनएस डिप्लोमाला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये 60 टक्के आणि आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा दोन्ही लागतं. कोस्ट गार्डच्या नाविक जीडी (जनरल ड्युटी) भरतीला सुद्धा मॅथ्स-फिजिक्स पाहिजे. बायो सोडलं की मेडिकलची नीट परीक्षा गेली. फार्मसीला दोन्हीकडून जाता येतं हे आईला माहितीच नव्हतं, तिला वाटायचं बायो लागतंच. कॉमर्सला जायचं असेल तर गणित घ्यायचं की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) हा निर्णय पण अकरावीतच होतो. आणि हे मला पण नवीन होतं की 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएसला पण सीईटी आहे, आधीसारखं बारावीच्या मार्कांवर थेट अ‍ॅडमिशन घेऊ असं धरून बसाल तर फसाल.

मी विचारलं, मग पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही घेऊन सगळंच उघडं ठेवूया ना. तर मॅडमनी एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा हिशोब मांडला. पीसीएमला मॅथ्स 100 मार्कांचं, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100, पीसीबीला मॅथ्सच्या जागी बायो 100. म्हणजे दोन्ही ग्रुप द्यायचे तर शंभर मार्कांचा अख्खा विषय जास्त, वर बोर्डाची प्रॅक्टिकल्स, वर रोजचा एसटीचा प्रवास. "कुंपणावर बसायचं पण भाडं पडतं," असं म्हणाल्या. दिवाळीपर्यंत चारही विषय कर, कुठल्या वहीत तुझं अक्षर बिघडतंय ते बघ, असं त्याला सांगितलं. मला हे फार पटलं.

डिग्रीबद्दल पण थोडं बोलल्या, आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोड विषय आहे, तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, त्यामुळे बीएस्सी म्हणजे टाइमपास असं समजू नका. हे जरा भराभर उरकलं. आणि आर्ट्सबद्दल एक अक्षर नाही, लॉ, एमपीएससी, भाषा, काहीच नाही. 81 टक्केवाल्याला आर्ट्स सांगितलं तर पालक उठून जातील असं वाटत असेल बहुतेक. अर्धा स्टार त्याचा कापला.

सगळ्यात भारी म्हणजे त्यांनी होमवर्क दिला. घरी जायच्या आधी झाडगावचं मत्स्यालय बघा, मग एखाद्या दिवशी शिरगावचं फिशरीज कॉलेज आणि गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक, नुसतं फिरून या, शिकणाऱ्या मुलांशी बोला. आपल्याकडे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची डिग्री आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, आणि समुद्राकाठची आपली मुलं मात्र पुण्यात जाऊन आयटी शोधतात, असं त्यांचं म्हणणं.

तसेच गेलो मत्स्यालयात. मी तिथल्या व्हेलच्या सांगाड्यापुढे फोटो काढत होते, पप्पा मासे बघून भाव सांगत होते, आणि भाऊ गायब. शोधला तर टाक्यांच्या मागच्या बाजूला वाकून बघत होता, पाणी कुठून येतं, हवा कशी सोडतात, फिल्टर किती दिवसांनी साफ करता असं तिथल्या माणसाला विचारत होता. सहा महिन्यांत मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मासा त्याने एक तरी बघितला का देव जाणे.

तर आता घरात डिप्लोमा हा शब्द आलाय. दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षं, नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. अजून नक्की नाही, तो अजून "बघू" म्हणतो, पण आता बघू म्हणून खरंच बघतो. डिप्लोमाचा फॉर्म भरलाय आणि अकरावीचा पण. एक सांगते, 2025 पासून अकरावी अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालीये, दहा पसंती देता येतात, पण पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं आणि तुम्ही घेतलं नाही तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर, त्यामुळे मित्राने टाकलं म्हणून पहिलं नाव टाकू नका.

जायचं असेल तर मॅडम कुठल्या दिवशी आहेत ते आधी फोनवर विचारा, बाकीच्यांचं माहीत नाही. नुसतं काउन्सेलिंग मागा, आम्हाला नंतर कळलं की फक्त मॅडमचा तास 1200 ला मिळतो, काउंटरवर ते सांगत नाहीत. ठशाला बोट लावू नका. आमचे 2500 परत मागितलेत, काउंटरचा मुलगा म्हणतो सेंटरचे सर बाहेरगावी आहेत. तीन आठवडे झाले. पैसे आले तर इथेच येऊन अर्धा स्टार वाढवेन.